काझी मॅडमनी तोडलेलं कुलूप

मांजरा-गोदा विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर आबेदा काझी मॅडमना कुणी त्यांच्या हुशारीसाठी नेलं नव्हतं. शेषेराव अण्णांच्या पॅनलला एक बाई पाहिजे होती आणि एक मुसलमान पाहिजे होता. दोन्ही कामं एकाच उमेदवारात भागत होती, म्हणून लातूरच्या उपकेंद्रात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या काझी मॅडमचं नाव पुढं आलं. हे मी मनानं रचून सांगत नाही. निवडणूक जिंकल्यावर अण्णा स्वतःच चार लोकांत मॅडमना म्हणाले, "ताई, तुमच्यामुळं आमची एक जागा वाचली बघा." त्यांना ते कौतुकच वाटत होतं. अण्णांच्या स्वतःच्या पाच संस्था होत्या, कुलगुरू कुणीही असो, बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा असे. जिला आपण जागा दिली ती बाई आता हात वर करायचं काम करील, एवढीच त्यांची समजूत होती.

मॅडम मूळच्या कंधारच्या. वडील महेबूब काझी यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मुलीला रोज एस.टी.नं नांदेडला कॉलेजात पाठवतो म्हणून नातेवाइकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, तेव्हा ते म्हणाले होते, "न्हाई बोलले तर न्हाई. दुकानात बोलायला गिऱ्हाईक आहेत की." पुढं लग्न लातूरच्या अबुजरभाईंशी झालं. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. बायको प्राध्यापक आणि नवरा हाताला ग्रीस लागलेला, यावर गावात बरीच चेष्टा व्हायची. अबुजरभाई त्या चेष्टेत स्वतःच पहिला नंबर लावायचे.

माझी आणि मॅडमची गाठ भूकंपानं घातली. त्र्याण्णव साली तेरणेकाठचं आमचं घर माझ्या वडलांवर आणि दोन्ही भावांवर कोसळलं. मी आणि आई वाचलो. चौथ्या-पाचव्या दिवशी लातूरच्या कॉलेजची पोरं ट्रकमधून मदतीला आली, त्यांच्याबरोबर मॅडम होत्या. तोवर सांत्वन करणारे खूप जण येऊन गेले होते. प्रत्येक जण आईच्या डोक्यावरून हात फिरवून जायचा. मॅडमनी तसं काही केलं नाही. आईशेजारी दगडावर बसल्या आणि माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "ही कितवीत आहे?"

"सहावीत हाय," आई म्हणाली. "आता कशाची शाळा, बाई."

"नाव सांगा तिचं. पूर्ण."

"नागम्मा," आईनं सांगितलं, पुढं वडलांचं नाव घ्यायचं आलं, आणि तीन-चार दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडं बघून रडली.

त्या वर्षी राज्यभरातल्या शिक्षक-प्राध्यापकांनी आपला एक दिवसाचा पगार काढून दिला. त्यातून भूकंपग्रस्त भागातल्या मुलींसाठी लातूरला वसतिगृह बांधायचं ठरलं. नंतर नवं विद्यापीठ निघालं तेव्हा तो सगळा निधी विश्वासानं त्याच्या हवाली झाला. अट एकच होती, पैसा मुलींच्या वसतिगृहालाच लागावा. परिषदेनं देणाऱ्यांच्या आभाराचा ठराव केला, पैसे मुदत ठेवीत टाकले, आणि पुनर्वसनातले उरलेसुरले पत्र्याचे शेड आणून उपकेंद्राच्या माळावर उभे केले. पाटी लावली : मुलींचे वसतिगृह, तात्पुरते. दोन वर्षांत पक्की इमारत होणार होती.

मी एम.एस्सी.ला तिथं राहायला गेले तेव्हा साल होतं दोन हजार तीन. शेड तेच. पाटीसुद्धा तीच.

पत्र्याखाली राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. इतरांना सांगते. मार्चपासून दुपारी आत बसता यायचं नाही, म्हणून आम्ही पुस्तकं घेऊन लिंबाखाली बसायचो आणि लिंबाची सावली सरकेल तशा सरकायचो. पावसाळ्यात पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात एकमेकींशी ओरडून बोलायचो. संडासाला कडी नव्हती, एकीनं बाहेर उभं राहायचं. भूकंपात घर गेलेल्या पोरींना घर म्हणून विद्यापीठानं हे दिलं होतं, आणि ज्यांनी पगार कापून पैसे दिले त्यांना वाटत होतं की लातूरला केव्हाच एक छान इमारत उभी राहिली असेल.

पैसा नव्हता असं नाही. तोच तर संताप आहे. नांदेडच्या मुख्य आवारात याच वर्षांत प्रशासकीय इमारतीवर घुमट चढला. मग घुमटाला शोभेल अशी कमान आली. कमानीपुढं कारंजं आलं. मॅडम परिषदेच्या पहिल्या बैठकीला गेल्या तेव्हा कारंज्याच्या फरशीचा रंग या विषयावर अर्धा तास चर्चा झाली. बाकीचे विषय, शिक्षकांच्या जागा, प्रयोगशाळा, ग्रंथालय, हे सगळं चहा येईपर्यंत "मंजूर, मंजूर" म्हणून संपलं. विषयपत्रिका त्याच दिवशी सकाळी हातात पडलेली. कुणी पान उलटून बघितलं नाही. मॅडमनी वसतिगृहाचं विचारलं. कुलगुरू अतिशय नम्र माणूस. म्हणाले, "प्रक्रिया चालू आहे, मॅडम." पुढच्या बैठकीत विचारलं, तेव्हाही प्रक्रिया चालू होती.

दरम्यान लातूरचं रूप पालटलं होतं. बारावीच्या आणि मेडिकलच्या क्लासेससाठी महाराष्ट्रभरातून पोरं येऊन राहिली होती. लोकांनी आपल्या ओसरीत, गच्चीवर, मोटारीच्या गॅरेजमध्ये खाटा टाकून भाडं घ्यायला सुरुवात केली. उपकेंद्राची रस्त्याकडची जमीन, जिथं आधी शेळ्या चरायच्या, तिथं आता गाड्या थांबवून लोक उतरायचे आणि पावलांनी लांबी मोजायचे. शेषेराव अण्णांचे जावई लातुरातल्या मोठ्या क्लासचे मालक होते.

मग एका बैठकीत दोन विषय लागोपाठ आले. पहिला, रस्त्याकडची जमीन जावयांच्या संस्थेला तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं, "शैक्षणिक प्रयोजनार्थ". दुसरा, पडून असलेल्या वसतिगृह निधीतून लातूर उपकेंद्रात "निवासी सुविधा" उभारणे. दुसरा विषय ऐकून मॅडमना क्षणभर बरं वाटलं. त्यांनी विचारलं, "निवासी सुविधा म्हणजे मुलींचं वसतिगृहच ना?"

"निवासी सुविधा म्हणजे अतिथिगृह," कुलसचिव म्हणाले. "बाहेरचे तज्ज्ञ येतात, समित्या येतात. त्यांची फार आबाळ होते."

मॅडम उभ्या राहिल्या. दोन्ही विषयांना माझा विरोध आहे, असं स्पष्ट म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "ताई, बसा. मुलींचं पण बघू. आधी उत्पन्न वाढू द्या विद्यापीठाचं." इतिवृत्त आलं त्यात लिहिलं होतं, दोन्ही विषय सर्वानुमते मंजूर.

पुढच्या बैठकीत मॅडमनी ते इतिवृत्त कायम करायला हरकत घेतली. "सर्वानुमते कसं? मी विरोध केला होता."

कुलगुरू म्हणाले, "मॅडम, तुमच्या भावना आम्ही लक्षात घेतल्या आहेत."

"भावना नका घेऊ, सर. विरोध लिहा."

लिहिला नाही. आणि यात चोरी कुठंच नव्हती, हे लक्षात घ्या. कुणी खिडकीतून पैसे पळवले नाहीत. भर दिवसा, काजू खात, पंधरा-वीस शिकलेल्या माणसांनी हात वर करून पोरींचं छप्पर पाहुण्यांना देऊन टाकलं. त्यातले निम्मे लोक प्राध्यापक होते. त्यांच्याही पगारातून तो एक दिवस कापला गेला असेल.

वर्षभरात अतिथिगृह उभं राहिलं. आमच्या शेडपासून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. आठ मोठ्या खोल्या, जाड पडदे, दारात पितळी कडीकोयंडा आणि त्याला कुलूप. उद्‌घाटनाला आम्हा मुलींना स्वागतगीत म्हणायला बोलावलं होतं. त्यानंतरच्या सात-आठ महिन्यांत तिथं पाहुणे उतरले असतील बोटांवर मोजण्याइतके. रस्त्याकडच्या जमिनीवर जावयांची इमारतही भराभर वर आली, खाली क्लास आणि वर मुलामुलींच्या राहायच्या खोल्या.

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, एका दुपारी वळवाचं वादळ आलं. आम्ही धावत शेडमध्ये शिरलो. आधी धूळ, मग गारा, आणि मग एक असा आवाज आला की मी दहा वर्षं मागं गेले. मला वाटलं, पुन्हा जमीन हलली. मी खाटेखाली शिरले. डोळे उघडले तेव्हा वर आभाळ होतं. अर्ध्या शेडचे पत्रे उचकटून गेले होते. उदगीरची आलिया, माझ्या शेजारच्या खाटेवरची, उजवा हात धरून जमिनीवर बसली होती आणि एकसारखी म्हणत होती, "काही झालं नाही, काही झालं नाही." उडालेल्या पत्र्यानं तिच्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या.

मॅडमनी तिला अबुजरभाईंच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. शस्त्रक्रिया झाली. हात वाचला, पण तीन बोटं कायमची आखडली.

विद्यापीठाकडून दुसऱ्या दिवशी माणूस आला. आम्हाला वाटलं, आलियाची चौकशी करायला आला. त्यानं दारावर नोटीस चिकटवली. शेड धोकादायक असल्यामुळं मुलींनी दोन दिवसांत रिकामं करावं. शेजारच्या नव्या इमारतीत खोल्या उपलब्ध असून संबंधित संस्था विद्यार्थिनींना भाड्यात सवलत देण्यास तयार आहे.

संबंधित संस्था म्हणजे जावई. आमच्या उपकेंद्राची जमीन त्यांना, आमच्या वसतिगृहाचा पैसा पाहुण्यांना, आणि वर आम्हीच जाऊन त्यांना भाडं द्यायचं! ज्यांचे वडील भूकंपात गेले, ज्यांच्या आया दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जातात, त्या पोरींनी. माझी आई कमलम्मा निरोप मिळताच आली आणि माझी पेटी बांधायला लागली. "लई शिकलीस माय," म्हणाली. "जीव हाय तर सगळं हाय." आणखी चौघीजणींचे घरचे येऊन उभे होते. त्यातली एक त्या दिवशी गेली ती परत आलीच नाही, पुढच्याच महिन्यात तिचं लग्न लावून दिलं.

मॅडम दवाखान्यातून आल्या तेव्हा साडीवर आलियाच्या रक्ताचा डाग तसाच होता. नोटीस त्यांनी उभ्या-उभ्या वाचली. पुन्हा वाचली. मग अतिथिगृहाकडं चालायला लागल्या. आम्ही मागं.

अतिथिगृहाचा पहारेकरी चंद्रप्पा. मॅडम म्हणाल्या, "चंद्रप्पा, किल्ली दे."

"मॅडम, किल्ली नांदेडला असती. वरून आदेश आल्याबिगर न्हाई उघडता येत."

"मी परिषदेची सभासद आहे. या मुलींची रेक्टर आहे. आदेश मी देऊन राहिले."

चंद्रप्पा दारातून हलेना. त्याचीही नोकरी होती. मॅडमनी त्याला जास्त पेचात धरलं नाही. रोपवाटिकेतून कुदळ आणली आणि पदर खोचला. पहिला घाव कोयंड्यावरून घसरला. दुसऱ्यानं कुलूप वाकलं. चंद्रप्पा म्हणाला, "थांबा मॅडम, हातावर बसंल," आणि आम्हाला वाटलं तो अडवणार. त्यानं फक्त कुलूप कसं धरायचं ते दाखवलं आणि पाठ करून रस्त्याकडं बघत उभा राहिला. तिसऱ्या घावाला कुलूप निघालं.

आत सोफ्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. एका न्हाणीघरात चक्क बाथटब होता. लातुरात, जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं! माझी आई त्या टबाकडं बराच वेळ बघत उभी राहिली. तिला तो काय आहे ते कळेना. मी सांगितलं, यात झोपून अंघोळ करतात. आई बाहेर आली, पेटीची दोरी सोडली आणि माझे कपडे कपाटात लावायला लागली. त्या टबात आम्ही पुढं टँकरचं पाणी साठवलं.

चाळीसएक मुली आठ खोल्यांत राहायला लागल्या. नांदेडहून फोनवर फोन. मॅडमना रेक्टरपदावरून काढलं, मग निलंबित केलं. मालमत्तेची नासधूस, बेकायदा घुसखोरी असे आरोप. पोलीसही येऊन गेले. जमादारानं आत डोकावून बघितलं, मुली फरशीवर बसून अभ्यास करत होत्या. तो म्हणाला, "मी कुणाला बाहेर काढू, बाई?" आणि निघून गेला.

घरी अबुजरभाईंवर दबाव आला. अण्णांच्या माणसांनी दुकानात जाऊन सांगितलं, बायकोला समजावा. ते म्हणाले, "साहेब, मी जळालेली मोटार दुरुस्त करतो. बायकोचं काही बिघडलेलं नाही." साखर कारखान्याचं मोठं काम त्यांच्या हातून गेलं.

परिषदेची तातडीची बैठक नांदेडला लागली. विषय एकच, अतिथिगृह मोकळं करून घेणे आणि काझी मॅडमवर कारवाई. मॅडम सभासद म्हणून गेल्या. कुलसचिव म्हणाले, विषय तुमच्याबद्दल आहे, तुम्ही बाहेर बसा. मॅडम बसल्या त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "मला एकच प्रश्न विचारायचा आहे, तो सेलूकर साहेबांना."

मार्तंड सेलूकर हे वित्त अधिकारी. शांत, पापभीरू माणूस, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. इतकी वर्षं त्यांनी अण्णांनी सांगितलं तिथं सही केली होती आणि घरी जाऊन कुणाशी बोलत नसत, असं त्यांच्या बायकोनंच पुढं मला सांगितलं.

"सेलूकर साहेब," मॅडमनी विचारलं, "लातूरचं अतिथिगृह कुठल्या निधीतून बांधलं?"

अण्णा म्हणाले, "हा विषय पत्रिकेवर नाही."

"मी त्यांना विचारलंय."

सेलूकरांनी कुलगुरूंकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं. मग चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "मुलींच्या वसतिगृहाच्या. सगळाच्या सगळा. माझं टिपण विरोधात होतं, ते मागं घ्यायला सांगितलं होतं. मी मागं घ्यायला नको होतं."

एका सभासदानं, जो आजवर कधी काही बोलला नव्हता, म्हटलं, "म्हणजे पोरी त्यांच्याच घरात राहून राहिल्यात की." बाहेर पत्रकार उभे होते. निधी देणाऱ्या शिक्षक संघटनांना हे कळलं तर काय होईल, हे अण्णांना सांगावं लागलं नाही. ठराव झाला : अतिथिगृहाचा वापर पुढील आदेशापर्यंत मुलींचे वसतिगृह म्हणून करण्यात यावा. सर्वानुमते.

आम्ही जिंकलो, असं तेव्हा म्हणालो. पेढेही वाटले. पण हिशोब बघा कसा लागला. जमिनीचा भाडेपट्टा कुणी रद्द केला नाही, तो आजही चालू आहे. निधी वळवल्याबद्दल एकाही माणसाला साधी विचारणा झाली नाही. अण्णा पुढंही दोन वेळा निवडून आले. आलियाचं वर्ष बुडालं, विद्यापीठानं तिला लेखनिक द्यायला नकार दिला होता. पुढच्या वर्षी मॅडमनी भांडून लेखनिक मिळवून दिला आणि ती पास झाली. आणि मॅडम? कुलूप तोडल्याची त्यांची चौकशी मात्र इमानेइतबारे चालू राहिली. निलंबन मागं घेतलं, चौकशी नाही. चौकशी चालू म्हणून प्रोफेसरपद नाही. चौकशी चालू म्हणून निवृत्तीनंतर पूर्ण पेन्शन नाही. अबुजरभाई आजारी पडले तेव्हा हैदराबादला न्यायला पाहिजे होतं. मॅडम त्या पेन्शनसाठी नांदेडला किती वेळा गेल्या ते मला माहीत आहे, कारण बहुतेक वेळा मी बरोबर होते. कारंज्याशेजारच्या बाकावर आम्ही बसून राहायचो. साहेब मीटिंगमध्ये असायचे. अबुजरभाई त्याच हिवाळ्यात गेले.

चौकशी कधी संपली ते कुणी कळवलं नाही. एक दिवस पेन्शन सुरू झाली, बस्स. दोषी नाही, निर्दोष नाही, काहीच नाही.

परवा विद्यापीठाचा रौप्यमहोत्सव झाला. मी आता निलंग्याच्या कॉलेजात शिकवते, मला निमंत्रण होतं. मॅडमना नव्हतं, म्हणून मी त्यांना माझ्या निमंत्रणावर घेऊन गेले. नवे कुलगुरू वाटचालीचा आढावा वाचत होते. वाचता वाचता म्हणाले, "भूकंपग्रस्त भागातील मुलींच्या निवासाचा प्रश्न तत्कालीन व्यवस्थापन परिषदेनं दूरदृष्टीनं सोडवला."

मॅडम उभ्या राहिल्या. सत्तरी उलटलेली बाई, हातात काठी. "खोटं आहे," म्हणाल्या. माईक नव्हता, तरी पहिल्या चार-पाच रांगांना ऐकू गेलं. स्वयंसेवक धावत आले, "आजी, बसा, बसा." मॅडम बसल्या नाहीत. मी त्यांच्याशेजारी उभी राहिले. पलीकडच्या बाजूला कुणीतरी उठलं. बघितलं तर आलिया, आणि तिच्यामागं आमच्या शेडमधल्या दोघी. कुलगुरूंनी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. भाषण संपेपर्यंत आम्ही उभ्या होतो.

नंतर ते खाली आले. चांगला माणूस असावा, चेहरा उतरला होता. म्हणाले, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं हो. मला जे लिहून दिलं ते मी वाचलं."

"इथं सगळे तेच करत आले," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही निदान कुणी लिहून दिलं त्याला बोलवा. मी थांबते."

त्यांनी आजूबाजूला बघितलं, कुणाला तरी हाक मारली. लिहून देणारा माणूस जेवणाच्या मांडवात गेला होता. मॅडम खुर्ची ओढून बसल्या.